डाव्या चाकातलं तेल

आमच्या कारेलीबागच्या घरात गॅरेजला कायम कुलूप असायचं. किल्ली फ्रीजच्या मागच्या खिळ्याला आहे हे सगळ्यांना माहीत होतं, पण ती कुणी काढत नसे. आत आबांची, म्हणजे माझ्या आजोबांची, स्टँडर्ड हेरल्ड होती. लहानपणी मी दाराच्या फटीतून बघायचे. धुळीखाली फिका निळा रंग, बसलेले टायर, आणि गाडी पुढे डावीकडे कललेली, एक पाय मुडपून बसल्यासारखी. गॅरेजचा विषय निघाला की बाबांना बाहेर काहीतरी काम आठवायचं. आईने एकदाच सांगितलं होतं, "८८ साली अपघात झाला त्या गाडीला. बाबा चालवत होते. आत्याचं मनगट मोडलं. आता पुन्हा विचारू नकोस."

आत्या तेव्हा म्युझिक कॉलेजला सतार शिकत होती. त्या वर्षीची परीक्षा हुकली, मग लग्न ठरलं, आणि परीक्षा राहूनच गेली. ती कधी कुणाला बोलली नाही. आबा मात्र बोलले. गाडी कशी चालवायची नाही याचं उदाहरण म्हणून बाबांचं नाव आमच्याकडे बरीच वर्षं निघत होतं, पाहुण्यांसमोरसुद्धा.

जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मीविलास पॅलेसच्या हिरवळीवर '२१ गन सॅल्यूट'चं जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरलं. तुमच्यापैकी बरेच जण गेले असाल. मीही चुलतभावाबरोबर गेले. राजेरजवाड्यांच्या रोल्स-रॉइस बघून डोळे दिपले हे खरं, पण परत येताना स्कूटरवर माझ्या डोक्यात एकच विचार होता, की आपल्या घरातही एक आहे आणि तिला उंदीर खातायत. त्या संध्याकाळी मी खिळ्यावरची किल्ली काढली. बाबा पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं आणि म्हणाले, "भंगारवाल्याला बोलाव. २०१९च्या पुरात बुडली तेव्हाच बोलवायला हवा होता."

हेरल्ड माहीत नसलेल्यांसाठी थोडं सांगते. एकेकाळी आपल्याकडे गाडी म्हणजे अँबेसेडर, फियाट नाहीतर हेरल्ड. मूळची ही इंग्लंडच्या ट्रायम्फ कंपनीची, १९५९ सालची. आकार दिला मिकेलोत्ती या इटालियन माणसाने. १९६१ पासून मद्रासची स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ही कंपनी ती आपल्याकडे बनवू लागली. इंजिन फक्त ९४८ सीसीचं. याच हेरल्डची चासी आखूड करून ट्रायम्फने १९६२ मध्ये स्पिटफायर नावाची दोन माणसांची स्पोर्ट्स कार काढली, तीही मिकेलोत्तीच्याच हातची. परमिट-लायसन्सच्या त्या काळात आपल्याकडे स्पोर्ट्स कार कोण बनवणार? पण तिची ही सख्खी बहीण बनत होती. मद्रासजवळ शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर लोक हेरल्ड घेऊन शर्यतीत उतरत. आणि ती वळते किती! जेमतेम २५ फुटांच्या वर्तुळात पूर्ण फिरते. आबांनी आमची १९६७ची, दोन दारांची गाडी १९७४ मध्ये एका डॉक्टरांकडून घेतली तेव्हा बिऱ्हाड दांडिया बाजारात होतं. तिथे राहिलेल्या कुणालाही या गुणाची किंमत कळेल.

तिचा आणखी एक गुण म्हणजे ती सुटी होते. बॉनेट आणि पुढचे दोन्ही मडगार्ड मिळून एकच तुकडा आहे आणि तो समोरच्या बाजूला उलटतो. मग चाकावर बसून इंजिनचं काम करता येतं. बाकीचं अंगही तुकड्या-तुकड्यांनी चासीवर बोल्ट केलेलं. म्हणजे घरच्या गॅरेजात, क्रेनशिवाय, दोन माणसं आणि एक पान्यांचा सेट एवढ्यावर काम होऊ शकतं. आमच्याकडे माणसं दोन होती. मी आणि चुलतभाऊ. तो कॉम्प्युटरवाला, त्यामुळे दीडच धरा. स्क्रू ड्रायव्हरला 'डिसमिस' म्हणायचं की पेचकस यावर पहिला अर्धा तास गेला. मी कलाभवनात मेटलर्जी शिकलेली बडोदेकर. माझ्याकडे डिसमिसच.

गंजाबद्दल मी पुस्तकात चार सेमिस्टर वाचलं होतं. पण वाचणं वेगळं आणि त्यात बोट खुपसणं वेगळं. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून पत्रा आतून फुगतो आणि पापुद्रे सुटतात. चासीच्या दोन्ही बाजूंना अंग पेलायला जे हात काढलेले असतात ते आमच्या गाडीत खारी बिस्किटासारखे झाले होते. हातोडीने हलकं ठोकलं तर जमिनीवर तांबडा चुरा. पायाखालचा पत्रा तर नव्हताच. जुन्या गालिच्याने वर्षानुवर्षं ओल धरून तो सावकाश खाल्ला होता.

छोटे भाग आम्ही विजेने साफ केले. प्लॅस्टिकच्या टबात पाणी, त्यात धुण्याचा सोडा, बॅटरी चार्जरची काळी वायर गंजलेल्या भागाला आणि लाल वायर एका टाकाऊ लोखंडी पट्टीला. रात्रभरात गंज सैल होऊन वर तरंगतो. हे करून बघणार असाल तर दोनच गोष्टी पाळा. पट्टी स्टेनलेस स्टीलची घेऊ नका, पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. आणि टब उघड्यावर ठेवा, कारण त्यातून हायड्रोजन निघतो. आमचा टब तुळशीजवळ होता. आईने तो दुसऱ्याच दिवशी हलवायला लावला, पण तिची कारणं वेगळी होती.

नवी चासी बनवून घ्या, असं ज्याने-त्याने सांगितलं. ते स्वस्तही पडलं असतं. पण २०२१च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरची गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवायची तर ती मूळ रूपात हवी. चासी, सांगाडा, इंजिन यात मोठे बदल चालत नाहीत. म्हणून आम्ही जुनीच ठेवली. कुजलेलं तेवढं कापलं, त्याच मापाचा पत्रा वेल्ड केला. एकेका हाताला दोन-दोन रविवार गेले.

आता त्या डब्याचं. गॅरेजच्या फळीवर आबांच्या सामानात एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. त्यात गाडीची डायरी, आणि वर्तमानपत्रात गुंडाळून, ग्रीस फासून ठेवलेला एक लोखंडी तुकडा. कागद जून १९८८चा. तुकडा बोटभर जाड, खाली आटे पाडलेले, आणि नेमका आट्यांवरच तुटलेला.

हेरल्डच्या पुढच्या चाकाची रचना जरा विचित्र आहे. चाक ज्या उभ्या पोलादी दांड्यावर असतं त्याचं खालचं टोक पितळी जातीच्या एका ठोकळ्यात स्क्रूसारखं बसवलेलं असतं. त्या ठोकळ्याला ट्रनियन म्हणतात. स्टिअरिंग फिरवलं की दांडा त्या आट्यांत फिरतो. उजवीकडचे आटे सुलटे, डावीकडचे उलटे. (हे मला उशिरा कळलं. तोवर मी एक पाना मोडला होता.) या ठोकळ्यात गिअर ऑइल घालायचं असतं, ग्रीस नाही. ग्रीस खालपर्यंत पोचत नाही, घट्ट होतं, आणि आट्यांच्या तळाशी पाणी साचून राहतं. तिथे गंजाचा बारीक खड्डा पडतो, खड्ड्यातून चीर निघते, आणि मग ती चीर प्रत्येक खड्ड्याला, प्रत्येक वळणाला केसभर पुढे सरकते. वर्ष, दोन वर्षं. वरून काही दिसत नाही.

आबांनी ग्रीस फासल्यामुळे तुटलेला भाग जसाच्या तसा राहिला होता. मी तो लॅबमध्ये नेला, पण खरं तर भिंगाचीही गरज नव्हती. वाळूवर लाट ओसरल्यावर राहतात तशा रेषा, एका काळ्या गंजलेल्या ठिपक्यापासून निघून जवळजवळ पूर्ण जाडीभर गेलेल्या. शेवटी खडबडीत असा छोटासा तुकडा. म्हणजे त्या दिवशी तुटलं ते तेवढंच. बाकीचं आधीच तुटलेलं होतं. बाबा काळाघोड्याला वळले नसते तर पुढच्या वळणावर, आणि कुणीही चालवत असतं तरी, ते चाक मुडपलंच असतं.

घरी येऊन मी डायरी उघडली. आबा प्रतापनगरला रेल्वेत होते. त्यांच्या नोंदी टाइमटेबलसारख्या. तारीख, मैल, पेट्रोल, आणि दर काही महिन्यांनी 'ट्रनियन, तेल'. १९८६ मध्ये ते आजारी होते तेव्हा गाडी बाहेर सर्व्हिसिंगला दिलेली, आणि पुढे दोन वर्षं तिथेच जात राहिली. शेवटची नोंद अपघातानंतर आठ दिवसांची: 'डावा ट्रनियन उघडला. आत ग्रीस. तेल नाही.' त्याखाली पान कोरं.

म्हणजे त्यांना आठ दिवसांत कळलं होतं. आणि मी पाहुण्यांसमोर ऐकलेली ती वाक्यं त्यानंतरची, पुढच्या पंधरा वर्षांतली. आबांनी मला सायकल शिकवली, पाढे शिकवले, मी त्यांची लाडकी होते. तरीही त्या रात्री मला त्यांचा फार राग आला आणि तो अजून पूर्ण गेलेला नाही.

बाबांना सांगायचं की नाही यात माझे तीन दिवस गेले. शेवटी जेवणं झाल्यावर तुकडा आणि डायरी दोन्ही टेबलावर ठेवलं आणि लॅबमध्ये सांगते तसं कोरडेपणाने सांगितलं. बाबांनी तुकडा उचलला, अंगठ्याने ती खडबडीत जागा चाचपली. डायरीचं पान वाचलं. पुन्हा वाचलं.

"डावीकडचा ना?"

"हो."

"मी ब्रेक मारला होता का, हे मला आजपर्यंत आठवत नाही," ते म्हणाले. मग उठून कुंड्यांना पाणी घालायला गेले. रात्री दहा वाजता. दुसऱ्या दिवशी त्यांनी आत्याला फोन केला. दार लावून घेतलं होतं, त्यामुळे काय बोलले ते मला माहीत नाही. ते गॅरेजात मात्र आले नाहीत.

ते आले पुरात. ऑगस्ट २०२४, जन्माष्टमीचा पाऊस तुम्हाला आठवतच असेल. विश्वामित्री ३५ फुटांच्या वर गेली आणि पाणी आमच्या गल्लीत शिरलं. तोवर चासी रंगवून झाली होती, इंजिन नुकतं तिच्यावर चढवलेलं. बॉनेट, दारं, डिकीचं झाकण आम्ही जिन्याने वर नेलं. हेरल्ड सुटी होते याबद्दल मिकेलोत्तीला नसले तरी कुणाला तरी मनातल्या मनात हात जोडले. मागचा सांगाडा ड्रमांवर होता. राहिलं इंजिन. तुळईला चेनपुली टांगलेली होती, पण चुलतभाऊ पलीकडच्या काठावर अलकापुरीत अडकलेला, वीज गेलेली, आणि पाणी माझ्या कमरेला. मी बोल्ट सोडवत होते. मागे पाण्याचा आवाज झाला म्हणून दचकून वळले, कारण शेजारच्या सोसायटीत मगर दिसल्याची बातमी सकाळपासून फिरत होती.

बाबा होते. लुंगी खोचलेली, डोक्याला टॉर्च बांधलेला. काही न बोलता त्यांनी चेन धरली आणि ओढायला लागले. साठीचा माणूस, पण मध्ये एकदाही थांबले नाहीत. इंजिन तुळईपाशी गेल्यावर म्हणाले, "मगर आली तर तिला ती जुनी सीट दे." तीन दिवसांनी पाणी ओसरलं. चासीवर चार बोटं गाळ होता. गाळ धुतला तर खाली रंग शाबूत.

पुढचं थोडक्यात. चेन्नईच्या एका जुन्या पार्टवाल्याकडून पोलादी दांडे मिळाले. ट्रनियन मकरपुरा जीआयडीसीत एका लेथवाल्या काकांनी नमुन्यावरून गनमेटलचे करून दिले. उलटे आटे पाडताना त्यांचा पहिला ठोकळा वाया गेला, त्याचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. चीर नाही ना हे बघायला मी दांड्यांवर लाल रंगाची चाचणी तीनदा केली. दोनदा पुरली असती. कागदपत्रांना साडेचार महिने लागले. जुना नंबर मात्र राहिला. दारं अजून नीट बसत नाहीत, डावं जरा आपटावं लागतं.

व्हिंटेज नोंदणीची गाडी रोज फिरवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल आणि देखभाल, एवढ्यासाठीच काढायची. तेव्हा पहिल्या फेरीला आम्ही देखभालीसाठी मकरपुऱ्याला गेलो. रविवारी पहाटे साडेपाचला. मी किल्ली हातात घेऊन उभी होते. बाबा आले आणि सवयीने डावीकडच्या दाराशी गेले, क्षणभर थांबले, मग वळसा घालून उजवीकडे आले आणि हात पुढे केला. काळाघोड्याला त्यांनी गाडी इतकी सावकाश वळवली की मागचा रिक्षावाला हॉर्न देऊन थकला.

लेथवाले काका शटरबाहेर चहा पीत होते. रंगाकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. कप खाली ठेवला, फरशीवर आडवे झाले, मोबाईलचा उजेड डाव्या चाकामागे टाकला आणि खालूनच विचारलं, "तेल नाख्युं?"

मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, "नाख्युं. में जाते नाख्युं."