नगरला चाललाय? सीडी प्लेयर घ्या सोबत!

वीकएंडला पुण्याहून नगरला माणसं का जातात? भुईकोट किल्ला, मेहेराबाद, पुढे शिंगणापूर. मी गेले ती मांडीवर फिलिप्सचा जुना सीडी प्लेयर घेऊन. १२० किलोमीटर, एसटीने!

२०२४ मध्ये शहराचं अहिल्यानगर झालं, पण सावेडीतल्या काकांच्या तोंडी अजून नगरच आहे. उभं आयुष्य रेडिओ-टीव्ही दुरुस्तीत गेलं. आता जुने प्लेयर ‘मॉड’ करायचा नाद. झाकण उघडलं की आधी कपॅसिटर बघतात. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वर्षानुवर्षांत आतून सुकतात आणि आवाजातली जान जाते. ते बदलायचे. मग ऑप-अ‍ॅम्प काढून तिथे सॉकेट, म्हणजे उद्या मूड बदलला तर दुसरा लावा. टीडीए १५४१ या डॅक चिपला मात्र हात नाही. ऐंशीच्या दशकातली ही १६ बिटची चिप आता बनत नाही, आणि बाजारात नकली मालच फार.

टेस्टिंगला सीडी कुठली, तर ‘द हू’ची! त्यांच्या १९७१ च्या ‘बाबा ओ’रायली’मधले बाबा म्हणजे आपले मेहेरबाबा, आणि मेहेराबाद इथून दहाएक किलोमीटरवर. सॉलिड ना? बास असा घुमला, की शेजारची खिडकी उघडली.

पण तिसऱ्या ट्रॅकवर प्लेयर अडखळला. लेझर थकलाय. नवा मिळत नाही. काकांच्या कपाटात त्याच मॉडेलचा एक मेलेला प्लेयर आहे, लेझर शाबूत. म्हटलं, विकत द्या.

‘‘आणि माझा बंद पडला तर?’’ काकांनी कपाटाला कुलूप घातलं आणि चहा टाकला.