खरे तेवढेच पिशवीवर

आमचे गाव दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात. जमीन काळीभोर, पण खालचे पाणी खारे. त्यामुळे पावसाच्या भरवशावर कापूस, मूग, तूर, हरभरा. वर्षानुवर्षे आम्ही तूर बाजारात विकायचो आणि तिचीच डाळ दुकानातून चढ्या भावाने आणायचो.

अकोल्याला 1969 साली डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ निघाले. तेथे तयार झालेली मिनी डाळमिल आम्ही घेतली. क्विंटलभर तुरीची 70 किलोच्या आसपास डाळ निघते, चुनी बैलांना होते. डाळीला वरून पॉलिश करीत नाही. सूनबाई मोबाइलवर फोटो पाठवते. अमरावती-अकोल्याच्या घरांतून मागणी येते, पैसेही मोबाइलवरच जमा होतात.

मागच्या हंगामात मी म्हणालो, "पिशवीवर 'सेंद्रिय' छापून घे. भाव बरा भेटेल."

ती म्हणाली, "मामाजी, अळीसाठी आपण दोनदा फवारा मारला न? मंग कसं छापू? अन् दाखला कुठी आहे?"

मला राग आला. सगळेच छापतात, मग आपणच काहून मागे राहावे?

थोड्याच दिवसांत अकोल्याहून फोन आला, डाळीला कुबट वास येतो म्हणून. सूनबाईने मोबाइलमधली वही उघडली. कोणाची तूर, कधी भरडली, कोणाकडे गेली, सारी नोंद तिथे होती. तूर आमचीच निघाली. ढगाळ दिवसांत नीट न वाळवता मीच ती घाईने मिलवर टाकली होती. त्या दिवशीच्या 11 पिशव्या तिने परत मागवल्या, पैसे परत केले. त्यांतली 9 घरे आजही आमचीच डाळ खातात.

त्या वहीने आणखी एक काम केले. आमचा शेजारी निंबोळी अर्कावरच भागवतो. पूर्वी त्याची तूर सगळ्यांच्या तुरीत मिसळून जाई. आता ती वेगळी भरडतो आणि पिशवीवर 'फक्त निंबोळी अर्क फवारला' एवढेच लिहितो. किलोमागे त्याला चार पैसे जास्त पडतात. ते पाहून यंदा मीही एका एकरात तसेच करतो आहे.

शेतकरी बंधू-भगिनींनो, मोबाइल म्हणजे काही खत नव्हे, की टाकले अन् पीक वाढले. शेतात जे केले तेच तो चार गावे पुढे नेतो. खोटे केले तर खोटेही नेतो.

शेतकऱ्यांनी गट करून एकमेकांची शेते तपासायची, अशी पीजीएस नावाची सरकारी दाखल्याची पद्धत आहे. तिच्यासाठी आम्ही गट जमवतो आहोत. 'सेंद्रिय' हा शब्द दाखला हाती आल्यावरच छापू.