पापणीचे ओझे

शरीरावरचे सर्वांत पातळ कातडे पापणीचे. पण तेच सैल पडून डोळ्यावर उतरू लागले, म्हणजे त्याचे ओझे केवढे होते हे ज्याचे त्यालाच ठाऊक! आमच्या घराण्यात हे ओझे वडिलोपार्जित आहे. इन्सुलीच्या घरी माजघरात आजोबांची तसबीर आहे, वडिलांची आहे, दोघेही पेंगुळलेले. चाळिशी ओलांडताच मीही त्यांच्या रांगेत जाऊन बसलो. वर्गात मी रंगून कविता शिकवावी, आणि मागच्या बाकावरच्या मुलांनी 'गुरुजींना डुलकी लागली' म्हणून एकमेकांस खुणावावे!

पापणी कापून घेण्याचा विचार बोलून दाखविला, तेव्हा मास्तरांनी दशावतारात स्त्रीपार्ट घेतला की काय, असे एका गृहस्थांनी विचारले. दुसरे म्हणाले, हा विलायती चोचला. वास्तविक विलायतेनेच हे शास्त्र आपल्याकडे पाहिले. टिपूच्या कैदेत नाक गमावलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला पुण्याजवळ एका माणसाने कपाळाचे कातडे वळवून नवे नाक करून दिले. ती हकीकत 1794 साली लंडनच्या मासिकात चित्रासह छापून आली. पण कावसजीचे नाक गेले होते. माझे काय गेले होते? ही टोचणी मनात घेऊनच मी पत्रादेवी ओलांडून गोव्यातील एका डॉक्टरांकडे गेलो.

त्यांनी आधी नजर तपासली. लोंबत्या कातड्याने वरची आणि कडेची दृष्टी झाकली जाते, हे तेव्हा कळले. पापणी उचलणारा स्नायूच दुबळा असेल तर शस्त्रक्रिया निराळी, हेही कळले. मग मला बसवून पापणीच्या घडीवर शाईने रेघ आखली. पुढचे काम तासाभराचे. भूल तेवढ्या जागेपुरती. सुई टोचते, नंतर नुसती ओढ जाणवते. कातडे बेताने काढावे लागते. जास्त गेले तर डोळा नीट मिटत नाही.

खरी परीक्षा घरी आल्यावर. डोळे सुजून निळेजांभळे होतात. पहिले दोन दिवस थंड पट्ट्या, उशाला दोन उशा, ओणवे होणे नाही, जड उचलणे नाही. डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात. थेंब घालावे लागतात. टाके आठवड्याच्या आत निघतात, काळेनिळे ओसरायला दोनेक आठवडे जातात, व्रण मुरायला काही महिने. क्वचित डोळ्यामागे रक्त साकळते. असह्य ठणका लागला किंवा दिसणे मंदावले, तर रात्र असो की पाऊस, तडक डॉक्टर गाठावा. दृष्टीचाच प्रश्न असतो.

सूज उतरल्यावर आई जवळ येऊन न्याहाळू लागली. वडिलांचे डोळे मी पुसून टाकले असे तिला वाटेल, ही भीती मला शस्त्रक्रियेहून मोठी होती. ती म्हणाली, "तुझ्या बापाशीन ह्या केला असता, तर काळोखात सायकलवरसून पडलो नसतो."

एवढे वर्ष मी वडिलांच्या डोळ्यांना रूप समजत होतो. तिने त्यांची अडचण पाहिली होती.

आता मागचा बाक स्वच्छ दिसतो, आणि मागच्या बाकाला तो दिसतो हे कळले आहे. डोळ्यांच्या कोपऱ्यांतल्या सुरकुत्या मात्र जागच्या जागी आहेत. आणि चाळिशी? ती नाकावरून काही उतरली नाही!