तीन परग्रहांचा नट

१५ डिसेंबर १९६६. अमेरिकी दूरचित्रवाणीवर ‘स्टार ट्रेक’ मालिकेचा ‘बॅलन्स ऑफ टेरर’ हा भाग लागला. पृथ्वीशी झालेल्या युद्धानंतर शंभरेक वर्षं कुणाच्या नजरेस न पडलेला रोम्युलन शत्रू त्यात पहिल्यांदा दिसतो. टोकदार कान, थकलेले डोळे. लढाईला विटलेला, तरी हुकूम पाळणारा हा सेनानी. कथेत त्याला नावसुद्धा नाही. नायक कर्क आणि तो एका खोलीत कधीच येत नाहीत. शेवटी यानांच्या पडद्यावरच एकमेकांना पाहतात, आणि तो स्वतःचं यान स्वतःच नष्ट करतो. त्या एका भागाने मार्क लेनर्ड हा चरित्र अभिनेता विज्ञानपटांच्या दुनियेत कायमचा रुजला.

१९२४ मध्ये शिकागोत जन्मलेला, मिशिगनमध्ये वाढलेला लेनर्ड मूळचा रंगभूमीचा. त्यामुळे आवाजाची फेक आणि स्तब्ध उभं राहण्याची ताकद त्याच्याकडे आधीपासूनच होती. परग्रहवासी साकारताना हीच दोन हत्यारं लागतात, कारण चेहरा बराचसा रंगभूषाकाराच्या ताब्यात गेलेला असतो.

पुढच्याच वर्षी, ‘जर्नी टू बेबल’मध्ये, तो कर्कच्या यानावरच्या व्हल्कन अधिकाऱ्याचा, स्पॉकचा, बाप सारेक झाला. स्पॉक साकारणारा लेनर्ड निमॉय ३६ वर्षांचा, हा ४३ चा. आणि पात्राचं वय १०२! मुलाने व्हल्कनांची विज्ञान अकादमी सोडून स्टारफ्लीट हे अंतराळदल पत्करलं, म्हणून अठरा वर्षं बापलेकांत अबोला. व्हल्कन माणूस भावना दाखवत नाही. मग रागही दाखवायचा नाही आणि मायाही नाही, तर नटाने करायचं काय? लेनर्डने सारेकला पाठ ताठ दिली, बोलण्याला संथ लय दिली. पत्नी अमांडा (जेन वायट) समोर आली की तो फक्त दोन बोटं पुढे करतो, ती तिची दोन बोटं त्यांना टेकवते. अभिनय शिकवताना मी हा प्रसंग आवाज बंद करून दाखवतो. त्या दोघांचा सगळा संसार मुलांना त्या बोटांतच दिसतो.

१९७४ मध्ये ‘प्लॅनेट ऑफ द एप्स’ मालिकेत तो गोरिलांचा सेनापती अर्को झाला. मुखवट्याआड उरले फक्त डोळे आणि तो घोगरा, दरारा बसवणारा आवाज.

मग आला १९७९ चा ‘स्टार ट्रेक : द मोशन पिक्चर’. आपल्या मुंबईची, १९६५ ची मिस इंडिया पर्सिस खंबाटा यात डोक्याचं मुंडण करून इलिया झाली होती, हे अनेकांना आठवत असेल. चित्रपट सुरू होतो तो मात्र लेनर्डच्या क्लिंगॉन कप्तानाने. काही मिनिटांची भूमिका, तीही त्याच क्षणी मरून जाणाऱ्या माणसाची. तरी पडद्यावर क्लिंगॉन भाषा पहिल्यांदा उमटली ती त्याच्या तोंडून. ते मोजके शब्द रचले होते मालिकेतल्याच जेम्स डूहनने. पुढे भाषाशास्त्रज्ञ मार्क ओक्रँडने त्यांच्या पायावर अख्खी भाषा उभारली. रोम्युलन, व्हल्कन, क्लिंगॉन या तिन्ही जमाती साकारणारा लेनर्ड हा पहिला नट.

माझ्या मते त्याचं सर्वांत मोठं काम मात्र १९९० चं. ‘स्टार ट्रेक’च्याच ‘नेक्स्ट जनरेशन’ मालिकेतला ‘सारेक’ नावाचा भाग. म्हातारपणी जडलेल्या आजाराने सारेकचा मनावरचा ताबा सुटत चाललाय. यानावरच्या संगीतसभेत त्याच्या गालावरून एक अश्रू ओघळतो, आणि तो उठून निघून जातो. १९६७ पासून ज्याने चेहऱ्यावरची रेषा हलू दिली नव्हती, त्याचा हा अश्रू! पुढे मनोमीलनातून त्याच्या भावनांचा सगळा कल्लोळ यानाचा कप्तान पिकार्ड आपल्या अंगावर घेतो. पिकार्ड साकारणारा पॅट्रिक स्टुअर्ट हुंदके देत तो सोसतो. त्या वेळी लेनर्डचा सारेक, ठरलेली वाटाघाट पार पाडायला, जुन्याच ताठ पाठीने उभा असतो.

१९९६ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कमध्ये लेनर्ड गेला. माझ्या वर्गात ते दोन्ही भाग मी लागोपाठ दाखवतो, आधी बोटं, मग तो अश्रू.