कौन बोल्या?

आमच्या घरात अम्मीपुढे कुठलीही खबर आली की तिचा पहिला प्रश्न ठरलेला असे, ‘कौन बोल्या?’ कुणाचे लग्न मोडले, कुणाच्या शेतावर जप्ती आली, कुणी कुणाला काय म्हटले, काहीही असो. सांगणाऱ्याचे नाव घेता आले नाही तर ती खबर तिथेच थांबे. चुलीपाशी बसून त्या निरक्षर बाईने आम्हा भावंडांना एवढी एक गोष्ट शिकवली होती. पुढे आम्ही शिकलो आणि शिकता शिकता नेमकी तीच विसरलो.

आमचे गाव मराठवाड्यातले, तालुक्याचे. घरात दखनी, शाळेत मराठी. सातवीत ‘माझा आवडता सण’ या विषयावर निबंध लिहायचा होता. आम्ही ईदवर लिहिले. सकाळी अब्बांचे बोट धरून ईदगाहला जाणे, कानातला अत्तराचा फाया, शीरखुर्मा, ईदीचे नाणे. वाक्ये आमचीच, म्हणून मोडकीतोडकी. दहापैकी चार गुण आणि खाली लाल शाईत शेरा, ‘भाषा अशुद्ध’. सहामाहीला तोच विषय पुन्हा आला, तेव्हा गाईडमधली दिवाळी पाठ करून उतरवून काढली. उटणे, अभ्यंगस्नान, फराळ, सगळे जिथल्या तिथे. दहापैकी आठ. ती दिवाळी आमची नाही हे गुरुजींनाही ठाऊक होते. तरी आठ गुण पडले. त्या दिवशी मनात जे बसले ते असे, की आपली भाषा चार गुणांची आणि उसनी आठ गुणांची.

आमच्या पिढीच्या अनेक मुलामुलींचे पुढचे शिक्षण याच हिशेबावर झाले. एम.ए.च्या नोट्स हातोहात फिरत आलेल्या. मूळ कुणी काढल्या हे कुणी विचारले नाही. 1998 साली आम्ही एम.फिल.चा लघुप्रबंध लिहिला. (ती पदवी 2022 च्या नियमांनी बंद झाली.) विषय मुसलमान मराठी संतकवींचा. सतराव्या शतकातल्या श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचा ‘योगसंग्राम’ त्यात येणे ओघानेच आले. पण तो ग्रंथ मिळवायला शहरात जायचे, ग्रंथालयात दिवस काढायचे, ओवी समजून घ्यायची. एवढा वेळ आणि एसटीचे एवढे पैसे आमच्यापाशी नव्हते. एका जुन्या प्रबंधात हव्या त्या ओव्या होत्या, तळटीपही तयार होती. आम्ही ओवी घेतली, तिच्यावरचे भाष्य चार शब्द बदलून घेतले आणि तळटीपही जशीच्या तशी उचलली. जणू ग्रंथ आमच्याच मांडीवर उघडा होता. प्रबंध मंजूर झाला. अम्मीने मोहल्ल्यात पेढे वाटले.

ही गोष्ट पंचवीस वर्षे आम्ही कुणाला सांगितली नाही. सांगायची वेळ एका विद्यार्थिनीमुळे आली. आमच्याच भागातली, घराण्यातली पहिली पदवीधर. आमच्या मार्गदर्शनाखाली पीएच.डी. करते. तिने शेख महंमदांवरचे प्रकरण आणून दिले. भाषा गुळगुळीत, कुठे अडखळणे नाही. वाचता वाचता एका तळटीपेवर डोळे थांबले. ओवीचा क्रमांक ओळखीचा वाटला. जुनी वही काढून आमचा लघुप्रबंध पाहिला. तोच क्रमांक, तेच भाष्य. तिने आमच्याकडूनच उचलले होते, आमचे नाव न घेता.

राग आला. दुसऱ्या दिवशी तिला बोलावून झापायचे ठरवले. पण रात्री एक शंका आली आणि झोप उडाली. तो क्रमांक बरोबर आहे हे आम्हाला तरी कुठे ठाऊक होते? सकाळी विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाऊन ‘योगसंग्राम’ काढला. त्या क्रमांकावर ती ओवी नव्हती. पुष्कळ शोधल्यावर सापडली. क्रमांकातले दोन आकडे उलटे पडले होते. जुन्या प्रबंधातली टंकलेखनाची चूक आमच्यात आली, आमच्यातून तिच्यात गेली. तिघांपैकी निदान दोघांनी मूळ ग्रंथ उघडला नव्हता, याचा तो लेखी पुरावा होता.

हदीसच्या प्रत्येक कथनाचे दोन भाग असतात, हे आपल्याला मकतबपासून ऐकून ठाऊक आहे. मतन म्हणजे जे सांगितले ते, आणि सनद म्हणजे ते कुणाकडून कुणाकडे आले ती नावांची साखळी. मतन कितीही सुंदर असो, साखळी तुटली की मुहद्दिस सावध होत. इमाम बुखारी (इ. स. 810 ते 870) या साखळ्या तपासत मुलखामुलखांत फिरले. ज्याच्याकडून स्वतः ऐकले नाही, त्याच्याकडूनच ऐकले असा भास होईल अशा शब्दांत सांगायचे आणि मधल्या रावीचे नाव गाळायचे, या प्रकाराला त्या शास्त्रात नावही आहे, तदलीस. मूळ न पाहता मुळाची तळटीप देणे म्हणजे तदलीसच. हजार वर्षांपूर्वी ज्याला नाव देऊन दोष ठरवले गेले, ते आम्ही एम.फिल.ला बिनदिक्कत केले आणि त्यावर पेढे खाल्ले.

आणि ते टाळायला किती थोडे लागत होते! ‘उद्धृत’ हा एक शब्द. शेख महंमद, ‘योगसंग्राम’, उद्धृत, अमक्यांचा प्रबंध, पृष्ठ अमुक. एवढे लिहिले असते तर ओवी शेख महंमदांची राहिली असती, मेहनत त्या प्रबंधकाराची राहिली असती आणि चूक कुठून आली तेही कळले असते.

विद्यार्थिनी आली. आम्ही तिच्यापुढे दोन्ही प्रबंध आणि मूळ ग्रंथ ठेवला. म्हटले, ‘बेटा, ही चूक आधी आमची आहे.’ ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘सर, तुमचं वाक्य वाचलं की माझं मला वाचवत नाही. आपल्या घरचं मराठी कुठं शुद्ध आहे?’

सातवीतला लाल शेरा आम्हाला तिच्या तोंडून पुन्हा ऐकू आला.

नियम तिला ठाऊक होते. विद्यापीठ अनुदान आयोगाचे 2018 चे विनियम सांगतात, की 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. त्यापुढे 40 पर्यंत असेल तर सहा महिन्यांच्या आत दुरुस्त करून द्यायचे. 40 ते 60 असेल तर वर्षभर सुधारित प्रबंध देता येत नाही, आणि 60 च्या वर गेले तर नोंदणीच रद्द. मुले हे आकडे पाठ करतात आणि मग साम्य नऊ टक्क्यांवर आणण्यासाठी ‘सूर्य’ खोडून ‘रवी’ लिहितात. यंत्र शब्द मोजते. विचार कुणाचा हे ते विचारत नाही. आता तर संगणकाला सांगितले की तो अख्खे प्रकरण लिहून देतो आणि कधी कधी अस्तित्वात नसलेल्या पुस्तकांची नावेही तळटीपेत घालतो. ज्यातले रावी जन्मालाच आले नाहीत अशी सनद!

आम्ही तिला एक साधा रस्ता सांगितला. वाच, पुस्तक मिट, घरी जा. जे वाचलेस ते अम्मीला दखनीत सांग. तिला कळले नाही तर तुलाही कळलेले नाही, पुन्हा वाच. कळले तर तेच मराठीत लिही आणि शेवटी पुस्तक उघडून ताडून पाहा. जिथे त्यांचेच शब्द हवेत तिथे अवतरणचिन्ह दे. जिथे विचार त्यांचा आणि शब्द तुझे, तिथेही नाव दे. दुसऱ्याचे छापील वाक्य दखनीत शिरताना आपोआप गळून पडते, फक्त अर्थ पलीकडे जातो. ज्या भाषेची लाज वाटून आम्ही चोरी शिकलो, तीच चोरी पकडणारी चाळणी आहे, हे कळायला आम्हाला पन्नाशी उलटावी लागली.

तिने प्रकरण पुन्हा लिहिले. तीन महिने लागले. आता वाक्ये कुठे कुठे अडखळतात, पण ती तिची आहेत. एका तळटीपेत तिने आमच्या लघुप्रबंधाचे नाव घेऊन लिहिले आहे, की तिथला क्रमांक चुकीचा असून मूळ ग्रंथ पाहून तो दुरुस्त केला आहे. सही घ्यायला आली तेव्हा त्या पानावर बोट ठेवून विचारले, ‘सर, हे राहू देऊ ना?’ आम्ही सही केली.

आमचा प्रबंध आजही ग्रंथालयाच्या कपाटात आहे, उलट्या आकड्यांसकट. उद्या कुणी घाईतला मुलगा तो उघडेल. म्हणून हे इथे लिहिले. उशिरा जोडलेली तळटीप समजावी.