न दुखावलेलं लाकूड

मे महिन्यात व्हर्जिनियातल्या हर्नडनमधून जाणाऱ्या जुन्या रेल्वेमार्गाच्या वाटेवर ब्लॅक लोकस्टचं झाड फुलतं. पांढरे घोस लोंबतात, वाऱ्याबरोबर गोड वास येतो. लोक फुलं बघतात. मला धनुष्याचं वेड आहे, म्हणून माझी नजर खोडावर जाते. व्हर्जिनियाचे मूळ रहिवासी याच झाडाची कोवळी खोडं शिंपल्याने खरवडून धनुष्यं करत, असं इंग्रज वसाहतकार विल्यम स्ट्रॅचीने 1612 च्या सुमारास लिहून ठेवलं आहे. तिथल्याच दुसऱ्या वसाहतकाराची, जॉर्ज पर्सीची नोंद 1607 ची आहे: पिस्तुलाच्या गोळीला दाद न देणाऱ्या ढालीतून इथल्या एका धनुर्धराचा बाण फूटभर पार गेला.

असं काही वाचलं की मनात पहिला प्रश्न येतो वेगाचा. हाताने घडवलेलं चांगलं लाकडी धनुष्य, 28 इंच खेचल्यावर 50 पौंड ओढीचं, 500 ग्रेनचा म्हणजे साधारण 32 ग्रॅमचा बाण सेकंदाला 150 फुटांच्या आसपास सोडतं. ताशी 165 किलोमीटर! बाण हलका केला की आकडा फुगतो. म्हणून बाणाचं वजन आणि ओढीची लांबी सांगितल्याशिवाय वेग सांगण्यात अर्थ नाही.

हाताने ओढून भरलेली सगळी शक्ती बाणाला मिळत नाही. धनुष्याच्या भुजांनाही उसळून जागेवर यायचं असतं. सर्वांत लांबचा पल्ला टोकांना गाठावा लागतो, म्हणून टोकाशी उरलेलं जादा लाकूड फार महाग पडतं. मुठीजवळचं जवळपास फुकट. डेन्मार्कमध्ये होल्मेगार्डच्या दलदलीत सापडलेली एल्मची धनुष्यं सुमारे 9000 वर्षांपूर्वीची, आणि तीही टोकांकडे निमुळती होत गेलेली. दोरीचंही तसंच. तिच्या वजनाचा सुमारे एक तृतीयांश भार बाणावर लादल्यासारखा असतो. आपल्या सातपुड्यातले भिल्ल बांबूच्या धनुष्याला बांबूच्याच कामटीची दोरी लावतात. ती ताण पडला तरी फारशी लांबत नाही, त्यामुळे हाताची शक्ती दोरीत मुरत नाही.

पण वेगाचा खरा निकाल पहिला बाण सुटण्याआधीच, धनुष्य घडवतानाच लागलेला असतो. पाठीवर, म्हणजे नेमबाजापासून दूरच्या बाजूवर, वाढीचं एकच वलय अखंड राखायचं आणि पोटाकडून, म्हणजे नेमबाजाकडच्या बाजूने, तासत जायचं. थोडं ओढून बघायचं, भुजा कुठे ताठ राहते, कुठे जास्त वाकते. ताठ जागी कानस चालवायची, वाकणाऱ्या जागेला हात लावायचा नाही. अर्धवट घडलेलं लाकूड घाईने पुरतं खेचलं तर पोटाकडचे तंतू चिरडतात. मग दोरी उतरवल्यावरही धनुष्य वाकलेलंच राहतं, पुन्हा चढवताना सुरुवातीचा ताण कमी भरतो, आणि गेलेला वेग परत येत नाही. व्हर्जिनियाचा दमट उन्हाळाही हाच घात करतो. हिकरी या झाडाचं लाकूड हवेतलं पाणी पितं आणि मरगळतं. जुलैत ते कोरड्या खोलीतच जपावं लागतं.

लाकडाला इजा होऊ नये म्हणून ताण रुंदीवर वाटून द्यावा लागतो. 1930 च्या दशकात क्लॅरेन्स हिकमन या भौतिकशास्त्रज्ञाने मोजमापं करून चपट्या, आयताकृती छेदाच्या भुजांचा पुरस्कार केला. तोवर इंग्लिश पद्धतीच्या अरुंद, गोलसर पोटाच्या धनुष्याचा दबदबा होता. पण मॅसॅच्युसेट्समधलं सडबरीचं, मूळ रहिवाशांनी घडवलेलं हिकरीचं धनुष्य 1660 चं आहे, आणि त्याच्या भुजा रुंद आणि चपट्याच आहेत. प्रयोगशाळेला जे नंतर उमगलं ते इथल्या रानातल्या कारागिरांच्या हातांना आधीच ठाऊक होतं, याचा मला मनापासून आदर वाटतो.

वेग लाकडाकडून ओरबाडून घेता येत नाही. घडताना ज्याला दुखापत झाली नाही ते लाकूड तो आपण होऊन देतं. म्हणून धनुष्य करायला बसाल तेव्हा वेग मोजायचं यंत्र सगळ्यांत शेवटी आणा. आणि जितक्या पौंडांचं धनुष्य हवं आहे, त्याहून अधिक जोराने ते घडवताना एकदाही ओढू नका.