पाण्याचा उतार

यवतमाळ जिल्ह्यात सूर्य नेहमी कशाच्या तरी आड मावळतो. पुसदकडे डोंगराच्या सोंडेआड, घाटंजी-पांढरकवड्याकडे सागाच्या रानाआड, बाभूळगावच्या बाजूला तुरीच्या ओळींआड. आणि त्याच्याकडे पाहत बसायला कुणाला सवड नसते. दिवस कासराभर उरला की कापूस वेचणाऱ्या बायका ओटी रिकामी करतात, गाठोडी बांधतात आणि धुऱ्यावर काटा टांगला जातो. ज्याचं त्याचं वजन वहीत चढतं, त्यावर मजुरी ठरते. मावळतीची वेळ आमच्याकडे मोजमापाची. माझ्या बाबांनी हजारो संध्याकाळी अशाच काट्याकडे बघत घालवल्या. म्हणून सूर्य बुडताना बघायला, नुसतं बघायला, त्यांना कुठेतरी घेऊन जावं, ही माझी फार दिवसांची इच्छा होती.

यंदा बोंडअळीच्या धाकाने फरदड ठेवली नाही. पराटी वेळेवर उपटून झाली, आणि धामणगावहून रात्रीची गाडी धरून आम्ही तिघं मुंबईला, तिथून अलिबागला गेलो. अलिबागचं सगळं सांगत नाही. ओहोटीला कुलाबा किल्ल्यापर्यंत बाबा पायी गेले आणि भरतीच्या आधी परतले, आईने शंख-शिंपल्यांची पिशवी भरली, वाळूत बसून आम्ही शहाळी प्यालो. परतीची बोट मात्र मी मुद्दाम संध्याकाळची घेतली.

अलिबागजवळच्या मांडव्याहून गेटवे ऑफ इंडिया समुद्रातून वीस किलोमीटरच्या आत आहे. पेण-पनवेलचा वळसा घालून रस्त्याने यायचं तर शंभरच्या आसपास पडतात. आमची बोट, कॅटमरान, हे अंतर तासाभरात कापते. तिला तळ एक नसतो, दोन असतात. निमुळते, एकमेकांपासून लांब, आणि दोघांवर मिळून एकच रुंद मजला. निमुळते तळ पाणी कमी अडवतात म्हणून वेग येतो, आणि मधल्या अंतरामुळे बोट कुशीवर फारशी कलत नाही. धक्क्यावर उभं राहून बाबांनी तिला पुढून नीट पाहिलं आणि म्हणाले, “हे तं बंडीवानीच हाये. चाकं दूरदूर असली का उलटत नाही.” यापेक्षा सोपं करून मला सांगता आलं नसतं.

वरच्या मजल्यावर डाव्या कठड्याशी जागा मिळाली. बोट उत्तरेला निघाली की डावीकडे पश्चिम येते, मोकळी. मागे खांदेरी-उंदेरीचे ठिपके, पुढे कुलाब्याच्या टोकाशी १८७५ सालचा प्राँग्ज दीपगृहाचा खांब, आणि या दोहोंच्या मधे काहीच नाही. डोंगर नाही, झाड नाही, तुरीची ओळ नाही. खांदेरीवर १६७९च्या पावसाळ्यात शिवाजी महाराजांनी तटबंदीचं काम काढलं आणि मुंबईच्या इंग्रजांची झोप उडाली, एवढं मी आईला सांगितलं. तिने त्या बेटाकडे पाहून हात जोडले.

कुरव पक्षी बोटीमागे लागले होते. हिवाळ्यात येणाऱ्या या पाहुण्यांपैकी तपकिरी डोक्याचे कुरव मध्य आशियातल्या, लडाखकडच्या उंच तळ्यांकाठी अंडी घालतात आणि थंडीत इथवर उतरतात. प्रवासी त्यांना वेफर आणि गाठ्या फेकत होते. ते थांबायला हवं असं मला मनापासून वाटतं. एवढा हिमालय ओलांडून आलेल्या पाखराला आपण तळलेलं मीठ चारावं, हे पाहुणचारात बसत नाही.

तेवढ्यात गावाहून काकांचा फोन आला. पोचले का, जेवले का, झालं. मग बाबा म्हणाले, “दिवस बुडाच्या बेतात हाये.” पलीकडून काका एवढ्या मोठ्याने बोलले की मलाही ऐकू आलं, “आमच्या इकडं कवाचाच बुडाला. दिवेबी लागले.” बाबांनी फोन कानापासून दूर धरून सूर्याकडे पाहिलं. “इथं अजून हातभर हाये,” असं ते काकांना सांगत होते तेव्हा त्यांचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. यवतमाळ मुंबईच्या पाच अंशांहून अधिक पूर्वेला. थंडीच्या दिवसांत तिथला सूर्य वीस-पंचवीस मिनिटं आधीच जातो. घरी मावळलेला सूर्य बाबांना त्या दिवशी पुन्हा मिळाला.

मग तो पाण्याला टेकला. खरं म्हणजे आपल्याला टेकलेला दिसतो तेव्हा तो क्षितिजाखाली गेलेलाच असतो. हवेच्या थरांतून येताना प्रकाश वाकतो आणि गेलेलं बिंब आपल्याला थोडा वेळ वर दिसत राहतं. टेकल्यापासून पुरता दिसेनासा होईपर्यंत आपल्या अक्षांशावर दोन-सव्वादोन मिनिटं लागतात. जमिनीवर ही दोन मिनिटं कुणाला मिळत नाहीत, त्याआधीच झाड किंवा डोंगर मधे येतो. इथे ती पूर्ण मिळाली. खालची कड आधी चपटी झाली, मग बिंबाची घागर झाली, मग केशरी रेघ, मग तीही पाण्यात विरघळली. आईने डोक्यावरचा पदर सारखा केला. बोटीवर कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

बाबांचं लक्ष मात्र आता पाण्यावर होतं. दोर गुंडाळत उभ्या असलेल्या खलाशाला त्यांनी विचारलं, “ह्या पान्याले उतार कोनीकडं हाये, भाऊ?”

तो हसला नाही, हे मला फार आवडलं. विचार करून म्हणाला, “याला उतार नाय काका. भरती लागली की आत, ओहोटी लागली की भायेर.”

उतार नसलेलं पाणी बाबांनी पहिल्यांदा पाहिलं. त्यांचं सारं आयुष्य उतार ओळखण्यात गेलं. उताराला आडवी पेरणी करायची, बांध कुठे घालायचा, पहिल्या पावसाचं पाणी कोणत्या कोपऱ्यातून नाल्याला लागेल, हे त्यांना जमिनीवर नजर टाकली की समजतं. जरा वेळाने मला म्हणाले, “मंग आपलं पानी इथंच येते का?”

नाही येत. आमचा उतार दुसरीकडे आहे. पूस पैनगंगेला मिळते. अरुणावती अडाणला, आणि अडाण पुढे पैनगंगेलाच. बेंबळा वर्धेला. वणीजवळ जुगादला वर्धा आणि पैनगंगा एक होतात, खाली वैनगंगा येऊन मिळते, तिघींची प्राणहिता होते आणि सिरोंचाजवळ ती गोदावरीत जाते. तिथून भद्राचलम, राजमहेंद्री, आणि मग बंगालचा उपसागर. बाबांच्या शेतातून वाहून गेलेला थेंब अरबी समुद्राकडे वळतच नाही. आम्ही सूर्यास्ताला आलो ते आमच्या पाण्याकडे पाठ करून.

आणि ज्या नावेवरून या बोटीचं नाव आलं ती तर त्याच पूर्व किनाऱ्याची. तिथले कोळी हलक्या लाकडाचे ओंडके दोरांनी एकमेकांना बांधून समुद्रात जात. तमिळ भाषकांची ती कट्टुमरम, आंध्रातली तेप्पा. ओंडक्यांच्या फटींतून पाणी वर येतं आणि तसंच खाली जातं, त्यामुळे भरायला तिला पोटच नसतं, आणि फुटणाऱ्या लाटांतूनही ती पार होते. परत आल्यावर दोर सोडून लाकडं वाळूवर सुकवायची. आजच्या दोन तळांच्या बोटीची घडण पॅसिफिकमधल्या बेटांकडून आली, नाव मात्र या ओंडक्यांचं राहिलं.

आमच्या मुलखाचं समुद्राशी नातं याहून जुनं आहे. वणी-मुकुटबनच्या बाजूला जो चुनखडक लागतो, ज्यावर आज सिमेंट तयार होतं, तो पैनगंगेच्या खोऱ्यातल्या फार प्राचीन समुद्राच्या तळाशी साचलेला गाळ आहे, शंभर कोटी वर्षांच्या आगेमागचा. काळ्या कातळाचा लाव्हा आला तो त्यानंतर कितीतरी युगांनी. वणीकडच्या माणसाने घर बांधलं की त्याच्या भिंतीत थोडा समुद्र असतोच. हे सांगितल्यावर आई म्हणाली, “मंग आपन पाहुने नोहो इथं.”

अंधार पडला तशी बंदराच्या दिव्यांची रांग जवळ आली. उजवीकडे दूर न्हावा-शेव्याच्या क्रेन, समोर ताज आणि गेटवेची कमान. पाणी आमचं इकडे आलं नाही, पण कापूस आला, हे मला तिथे एकदम लख्ख जाणवलं. १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला, त्यात या कापसाचाही वाटा होता. किलिक निक्सन कंपनीने यवतमाळ-मूर्तिजापूर असा ११३ किलोमीटरचा छोटा लोहमार्ग टाकला तोही त्याच्यासाठी. त्यावर धावायची ती आमची शकुंतला. तिचं वाफेचं इंजिन १९२१ साली मँचेस्टरला घडवलेलं होतं, आणि १९९४च्या एप्रिलपर्यंत ते धावलं. जिनातली रुई दाबून गाठी व्हायच्या, मूर्तिजापूरला मोठ्या गाडीत चढायच्या आणि मुंबईच्या गोद्यांतून लँकेशायरला, पुढे जपानलाही जायच्या. दारव्ह्याहून मूर्तिजापूरला जाताना ती गाडी वाटेत गोदावरीचं खोरं सोडून पूर्णा-तापीच्या खोऱ्यात उतरायची. पावसाच्या थेंबाला जे ओलांडता येत नाही ते कापूस रोज ओलांडत होता.

त्या गाठींबरोबर वेचणाऱ्या बाईला किंवा पेरणाऱ्याला कुणी इथवर आणलं नाही. माझ्या आजोबांनी मूर्तिजापूरपर्यंतचं जग पाहिलं, त्यापुढे गेला तो त्यांचा माल. ज्याच्या घामाची गाठ या बंदरातून समुद्रापार गेली, त्याच्या मुलाला हे बंदर दिसायला तीन पिढ्यांएवढा काळ जावा, याचं मला त्या गर्दीत, दिव्यांच्या उजेडात फार वाईट वाटलं, आणि बाबा कठड्याला धरून उभे आहेत याचं तितकंच समाधान.

धक्क्याला बोट लागली. पायऱ्या ओल्या होत्या. आईचा हात धरून बाबा सावकाश वर आले आणि पहिलं वाक्य बोलले, “आपलं पानी जाते तो समुद्र दाखवजो बाई, एक डाव.”

त्याची तयारी गाडीतच सुरू झाली. बल्लारशाहहून विजयवाड्याकडे गाड्या आहेत, तिथून नरसापूरपर्यंत रेल्वे जाते आणि पुढे अंतर्वेदी. तिथे गोदावरीची वसिष्ठा नावाची शाखा समुद्राला मिळते, संगमाजवळ लक्ष्मीनृसिंहाचं देऊळ आहे. तिकडे हिवाळ्यात सूर्य पाण्यातून वर येतो, म्हणजे पहाटे उठून जावं लागेल. बाबांना त्याची काहीच अडचण नाही. आईने संक्रांतीनंतरचे दिवस सुचवले. तोवर वेचणी आटोपलेली असते.